सत्तर-दोनशे आणि गिंबलची मान

लग्नसराई सरली की पत्रं वाढतात. सीझनमध्ये ज्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, ते आता एडिटिंगला बसलेत आणि आपलंच शूटिंग बघून कपाळाला हात लावतायत. या वेळच्या निम्म्या पत्रांत एकच रडगाणं आहे: गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची मूठ) आहे, लांब लेन्स (लांबचं जवळ आणणारी, मोठ्या एमएमची) आहे, तरी चित्र हलतंच. म्हणून हा अंक त्यालाच दिला. अल्बमच्या कागदाबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : ताई, माझ्याकडे सोनीचा ए-सेव्हन फोर कॅमेरा आहे. यंदा ७०-२०० एमएम एफ २.८ लेन्स सेकंडहँड घेतली, पहिली आवृत्ती. गिंबल तीन किलो पेलणारा आहे, आणि बॉडी, लेन्स, प्लेट सगळं धरून माझं वजन सव्वादोन किलोच्या आसपास जातं. तरी २०० वर चालत घेतलेला एकही शॉट कामाचा निघाला नाही. नवरीच्या वडिलांनी विचारलं, ‘भूकंप झालावता काय?’ मोटर मधूनच घूं घूं करते. दुकानदार म्हणतो सेटिंग चुकतंय. मोठा गिंबल घेऊ का?
*– एक व्हिडिओग्राफर, विटा*

उत्तर : निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी घेऊ नका. दुकानदाराचं थोडं खरं आहे, पण थोडंच.

तीन किलो हा आकडा वजनाचा आहे, लांबीचा नाही. घरात मुसळ आणि वरवंटा असेल तर एक करून बघा. मुसळ बरोबर मधोमध धरा, म्हणजे तोल साधलेला आहे, आणि मनगटाने झटकन डावीकडे-उजवीकडे वळवा. मग वरवंटा तसाच वळवा. दोन्हींचं वजन सारखं असलं तरी मुसळ वळायला कुरकुरतं, आणि एकदा वळलं की थांबायला कुरकुरतं. अक्षापासून वजन दूर गेलं की हा हट्ट अंतराच्या वर्गाने वाढतो. तुमची लेन्स १,४८० ग्रॅमची आणि २० सेंटिमीटर लांब. सोनीचीच ८५ एमएम एफ १.८ बघा: ३७१ ग्रॅम, लांबी सव्वाआठ सेंटिमीटर. तुमच्या मोटरच्या हातात तुम्ही मुसळ दिलंय आणि वर तिला चालायला लावलंय.

आता पेन्सिल घ्या. फुल-फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, फोरके चित्राची रुंदी ३,८४० पिक्सेल. गिंबल कितीही चांगला असला तरी अंशाच्या दहाव्या भागाएवढी चूक कुठेतरी राहते असं धरू. २४ एमएमवर तेवढ्या चुकीने चित्र साडेचार पिक्सेल सरकतं. ते कोणाच्या बापाला दिसत नाही, नवरीच्यासुद्धा. २०० एमएमवर तीच चूक ३७ पिक्सेलची होते. गिंबल तोच, मनगट तेच, थरथर आठपट. म्हणजे गिंबल बिघडलेला नाही. त्याची जी उणीव आजवर झाकली जात होती, ती लेन्सने उघडी पाडली.

एवढ्यावर भागत नाही. गिंबल फक्त वळणं सावरतो: पॅन (डावं-उजवं), टिल्ट (मान वर-खाली) आणि रोल (बाजूला कलणं). पावलागणिक कॅमेरा वर-खाली होतो तो हिंदकळा त्याच्या हिशेबातच नाही, मोटर तीन असोत की तेरा. इथे मात्र एक गंमत आहे. माणूस फ्रेममध्ये तेवढाच दिसावा म्हणून २४ एमएमने तीन मीटरवरून घेतला, तर २०० ने २५ मीटरवरून घ्यावा लागेल. कॅमेरा एक सेंटिमीटर वर-खाली झाला, तर दोन्हीकडे माणूस सारखाच, साडेआठ पिक्सेल उडतो. तेव्हा ‘लांब लेन्सला पावलांचे धक्के जास्त बसतात’ हे जे सगळे म्हणतात ते पूर्ण खरं नाही. पावलांचे धक्के दोन्हीकडे सारखेच बसतात, आठपट होते ती मनगटाची चूक. गुडघे वाकवून बदकासारखं चालण्याचा सराव तुम्ही केला असेलच. तो चालू ठेवा, पण तुमचं दुखणं त्याने जायचं नाही.

आणि हे सगळं सोसून हाती काय लागतं, तेही बघा. २४ एमएमने तीन मीटरवरून एक मीटर पुढे गेलात तर नवरी दीडपट मोठी होते, प्रेक्षक तिच्याजवळ गेल्यासारखा वाटतो. २०० एमएमने २५ मीटरवरून एक मीटर पुढे गेलात तर ती मोठी होते फक्त चार टक्क्यांनी. जवळ गेल्याचं कोणाला कळत नाही, चित्र हललं एवढंच कळतं. पुढे चालत जाण्यासाठी २०० लावणं म्हणजे कष्ट सगळे आणि फळ शून्य. माझं ऐकाल तर हा शॉट यादीतून काढून टाका.

मग लांब लेन्स आणि गिंबल ही जोडी कधीच जमत नाही का? जमते, आडवं चालताना जमते. गेल्या हंगामात तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेत प्रीवेडिंग होतं. दोघं पलीकडच्या बांधावरून चाललेली, मी अलीकडच्या वाटेने त्यांच्याबरोबर, त्यांच्याच चालीने, मध्ये वेलींच्या रांगा. दोघं पंचवीस मीटरवर धरली तर त्यांच्या मागे, पन्नास मीटरवरची २०० एमएमला फक्त नऊ मीटर रुंदीची पट्टी दिसते, म्हणजे नऊ मीटर चाललं की मागचं अख्खं चित्र बदलतं. २४ एमएमने तीन मीटरवरून घेतलं असतं तर दोघांच्या तेवढ्याच मागे असलेल्या झाडांची पट्टी ४२ मीटरची भरली असती; ती जागची हललीयत असं वाटलंच नसतं. मागे डोंगर सरकतोय, पुढून मांडवाचे खांब सट्‌सट् जातायत आणि मध्ये ती दोघं जागच्या जागी चालल्यासारखी. हा परिणाम रुंद लेन्सने येत नाही. आणि सगळंच सरकत असल्यामुळे हातातली बारीक थरथर त्या धावपळीत झाकली जाते. तरीसुद्धा खरं सांगते, मी तेव्हा २०० लावली नव्हती, ८५ लावली होती. माणूस तेवढाच ठेवायला ८५ ने साडेदहा मीटर अंतर पुरतं, दोघांना हाक ऐकू जाते आणि माझ्या खांद्याचं मला संध्याकाळी ऐकावं लागत नाही.

एवढं सांगूनही तुम्ही ७०-२०० चढवणारच, मला माहितीय. मीही चढवली होती. तेव्हा निदान तोल तरी नीट साधा. गिंबलला जोडायची प्लेट बॉडीच्या बुडाला लावू नका, लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला लावा, कारण वजन तिथे आहे. झाकण काढून, हूड काढून, फिल्टर लावायचा असेल तर लावून मगच तोल बघा. गिंबल बंद ठेवून लेन्स समोर धरली की ती स्थिर राहते, आणि तिथेच बहुतेक जण समाधान मानतात. आता लेन्स थेट आभाळाकडे करा आणि सोडा. पुढे कलंडली किंवा मागे पडली तर कॅमेऱ्याची उंची चुकलीय. छोट्या लेन्सला ही चूक मोटर पोटात घालते, लांब लेन्सला दर सेकंदाला तिच्याशी कुस्ती खेळत बसते. तुमची घूं घूं बहुधा तिथलीच. तोल साधूनही राहिली, तर मोटरची ताकद गरजेपेक्षा जास्त ठेवलीय. एकेक पायरी उतरवत जा, आवाज थांबेल. फॉलोचा वेग, म्हणजे गिंबल मनगटामागे किती भरभर वळतो तो, सगळ्यात कमी ठेवा. २०० वर मनगट दहा अंश वळलं की फ्रेममधला माणूस गावाबाहेर गेला.

एक तुमच्या बाजूचं: या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यामुळे ७० वर साधलेला तोल २०० वर फारसा मोडत नाही. झूम करताना जिचं नाक बाहेर येतं अशी लेन्स असेल त्यांनी एक आकडा ठरवावा, तिथेच तोल साधावा आणि शॉट संपेपर्यंत झूमला हात लावू नये.

आता माझी फजिती. तासगावचा रथोत्सव गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असतो. दोरखंडांनी रथ ओढतात, गुलाल असा उडतो की आकाश दिसत नाही. ओळखीच्यांच्या गच्चीवर मी ७०-२०० गिंबलवर चढवून उभी. रथ हलायला वेळ लागला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, हात थरथरायला लागला आणि मोटर गरम. ‘मोरया’चा गजर झाला, रथ हलला आणि नेमक्या त्याच क्षणी मोटरने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलं. लेन्सने हळूच खाली मान टाकली. शेजारी एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, “अगं पोरी, तुझ्या यंत्राला भोवळ आली की!” मी गिंबल पायाशी ठेवला, कॅमेरा काढला, गच्चीच्या कठड्यावर माझी ओढणी घडी करून ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि श्वास धरला. त्या दिवसाचा वापरता आला असा तोच एक शॉट, अकरा सेकंदांचा.

त्यानंतर मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात दोन किलो शाळू भरला. गाडीच्या खिडकीवर, कट्ट्यावर, स्टेजच्या कडेला, कुठेही ती पसरते आणि लेन्स तिच्यात रुतून बसते. खर्च म्हणाल तर शिलाईचा. फक्त स्टुडिओत ठेवताना डब्यात ठेवा, माझी पहिली पिशवी उंदरांनी दोन रात्रींत संपवली.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. कुंडलच्या कुस्ती मैदानाचं शूटिंग करायचंय. आखाड्याजवळ जाता येणार नाही, लांबून १३५ किंवा २०० लागेल. मित्राचा गिंबल मिळतोय. नेऊ का?
*– एक वाचक, पलूस*

उत्तर : नेऊ नकोस. गिंबलचं गुळगुळीतपण म्हणजे उशीर असतो. तू वळतेस, तो थोडा विचार करतो, मग सावकाश मागोमाग येतो. वरातीत हे छान दिसतं. कुस्तीत पैलवान तुझ्या गिंबलसाठी थांबत नाही. पंचवीस मीटरवरून २०० एमएमच्या फ्रेममध्ये साडेचार मीटर जागा येते. डाव टाकून दोघं बाजूला फेकले गेले की फ्रेममध्ये नुसती लाल माती उरते आणि कुस्ती चितपट झाल्याचं तुला लोकांच्या आरोळीवरून कळतं.

मोनोपॉड ने. एकच पाय असल्यामुळे गर्दीत जागा लागत नाही, वर-खाली हलणं जवळपास संपतं आणि वळायला मोकळीक राहते. मोनोपॉडचा पाय, तुझे दोन पाय, झाला ट्रायपॉड. कोपरं पोटाशी घट्ट. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू ठेव, पण पॅन सुरू करताना चित्र अडखळतंय असं वाटलं तर लेन्सवर फक्त उभी थरथर सावरणारा मोड आहे का बघ, बऱ्याच लेन्सवर ‘दोन’ या आकड्याने असतो.

आमचे बाबा व्हीएचएसचा खांद्यावरचा कॅमेरा घेऊन कुस्त्या काढायचे. त्या कॅमेऱ्याचं वजन हेच त्याचं गिंबल होतं. हल्लीच्या हलक्या बॉडीला ते सुख नाही. तुझ्याकडे मोनोपॉड नसेल तर भाड्याने आण, गिंबलपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

प्रश्न : गिंबल घेण्याऐवजी हातातच शूट करून नंतर कॉम्प्युटरवर स्थिर केलं तर? जायरोफ्लो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे म्हणतात.
*– एक वाचक, इस्लामपूर*

उत्तर : आहे, आणि चांगलं आहे. कॅमेऱ्याने शूटिंगच्या वेळी आपल्या हालचालीची नोंद ठेवली असेल तर ते त्या नोंदीवरून चित्र सरळ करतं. पण दोन अटी. त्यासाठी कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवावं, नाहीतर नोंद सांगते एक आणि चित्र हललेलं असतं दुसरंच. आणि शटर चढवावं लागतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम कमी वेळात टिपावी लागते. सेकंदाला पंचवीस फ्रेम असताना आपण शटर १/५० सेकंद ठेवतो. लांब लेन्सच्या हिसक्यात तेवढ्या वेळात प्रत्येक फ्रेम पुसट होते. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर आणून ठेवेल, तिच्यातला पुसटपणा कुठे नेईल? मग स्थिर चित्र मधूनमधून विनाकारण धूसर होतं, आणि ते हलण्यापेक्षा वाईट दिसतं. शिवाय कडा कापल्या जातात, त्यामुळे फ्रेम मुळातच सैल ठेवा. दिवसा उघड्यावर चालेल. हॉलमधल्या ट्यूबखाली शटर चढवलंत तर दिवे फडफडतील; तिथे १/५० किंवा १/१००च ठेवा आणि हे सॉफ्टवेअर विसरा.

प्रश्न : एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात मला जाकीट आणि स्प्रिंगचा हात असलेला जुना स्टेडिकॅमसारखा रिग मिळाला. मोटर नाही, बॅटरी नाही. मुलगा म्हणतो भंगारात द्या. लांब लेन्सला तो उपयोगी पडेल का?
*– एक जुने छायाचित्रकार, कराड*

उत्तर : दादा, मुलाचं ऐकू नका. अमेरिकेतल्या गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने सत्तरच्या दशकात स्टेडिकॅमची ही कल्पना आणली, तेव्हा त्यात संगणक नव्हताच. कॅमेरा वर, बॅटरी आणि मॉनिटर खाली, मध्ये दांडा, आणि तोल साधलेल्या जागी बोटांची पकड. वजन मुद्दाम लांब-लांब पसरवलेलं, म्हणजे ते सहजी वळू नये. वर विट्याच्या उत्तरात मुसळाची जी तक्रार केली, तीच इथे कामाला जुंपलीय. आणि स्प्रिंगचा हात पावलांचा हिंदकळा खातो, जे काम गिंबलला येत नाही.

लांब लेन्स लावाल तर सगळं तुमच्या दोन बोटांवर येतं. मोटर नाही म्हणजे चूक सुधारणाराही कोणी नाही. बोट जरा जड पडलं की ८५ वरसुद्धा क्षितिज डोलायला लागतं. ५० पर्यंत सुखाने वापरा. चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे त्या पवनचक्क्या उभ्या केल्यात, तिथे मात्र नेऊ नका. वाऱ्याला तो दांडा म्हणजे शीड. मी एकदा तिथे साध्या गिंबलवर हूड लावून लेन्स धरली होती, तर चित्रात नवरा-नवरी राहिली बाजूला, कॅमेराच पवनचक्कीकडे वळून बघत राहिला.

पाठीचं दुखणं असेल तर जाकीट घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही थट्टा नाही.

प्रश्न : मोबाइलच्या पाचपट झूमच्या लेन्सला मोबाइलचा गिंबल चालतो का?
*– एक विद्यार्थी, मिरज*

उत्तर : चालतो, तिथे वजनाचा प्रश्नच नाही. पण उजेड कमी झाला किंवा माणूस फार जवळ आला की बरेच मोबाइल गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतात. झूमच्या लेन्सवर बोट ठेवून बघ. चित्रात बोट दिसलं नाही तर तू झूम लेन्सने शूट करतच नाहीयेस. लेन्स कुलूपबंद करता येईल असं ॲप वापर.

प्रश्न : हरिपूरला संगमावर नावेतून खंड्या आणि वंचक टिपायचे आहेत, १००-४०० ने. नाव डुलते म्हणून गिंबल घ्यावा असं वाटतंय. बरोबर का?
*– एक वाचक, सांगली*

उत्तर : अखेर कोणीतरी गिंबलला त्याचं काम दिलं! नाव डुलते ते वळणं घेतच, म्हणजे नेमकं तेच जे गिंबल सावरतो. ट्रायपॉड नावेत निरुपयोगी, तो नावेबरोबरच डुलणार. पण गिंबल हातात धरून उभे राहू नका. नावेच्या मधल्या फळीवर बसा, मांडीवर उशी घ्या, तिच्यावर गिंबलची मूठ टेकवा, म्हणजे वजन हाताला नाही आणि कंबर आपोआप डुलणं खाते. १००-४०० चं नाक झूमबरोबर बाहेर येतं, तेव्हा ३०० किंवा ४०० असा एक आकडा धरून किनाऱ्यावरच तोल साधा. मोटरबोट असेल तर इंजिन बंद करायला लावा. ती बारीक थरथर गिंबलच्याही हाताबाहेरची असते आणि सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे खंड्या जेलीसारखा लचकतो.

पहाटे जा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि ४०० एमएमला ती थरथर स्वच्छ दिसते. ती काढायला कुठलाच गिंबल नाही. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की पक्षी दिसला तर बोट दाखवू नको, नुसतं हळूच त्याचं नाव सांग. आमच्या नावाड्याने मागच्या खेपेला “त्यो बघा, त्यो बघा!” म्हणून उभंच राहून दाखवलं. वंचक गेला, आणि गिंबलने मात्र क्षितिज अगदी सरळ ठेवलं होतं.